छाट

पहाटे साडेपाचला कंबर तलावाच्या कडेनं
मी धावते.
मुलाचे जुने बूट, पुढे कापूस कोंबलेला,
ओढणी कमरेला गाठ मारून.
धावते म्हणजे काय, तिसऱ्या फेरीला
म्हातारी कुत्रीसुद्धा मला ओलांडून जातात.
जाऊ देत.

तीस वर्षं मी बसून काढली.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
पान काप, भर, वळ, दोरा बांध,
हजार झाल्या की ऊठ.
कारखान्यात चेकर बोटांनी दाबून बघायचा,
ही सैल, ही फाटकी, हिचं तोंड उघडं,
आणि छाट माझ्यासमोर मोडून टाकायचा.
छाटेचे पैसे नाहीत.

मग श्रीहरीच्या दोन्ही गेल्या.
चादरीच्या मागावर बारा-बारा तास उभा राहणारा माझा भाऊ
आठवड्यातून तीनदा मशीनला बांधलेला.
लघवी थांबली, तसं पाणी मोजून, बशीनं.
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो,
पाणी मोजायची सवय सगळ्यांनाच,
पण अशी नाही.

पुण्याला मला तपासलं.
रक्त, हृदय, फुप्फुसं, पोटाचे कितीतरी फोटो.
एक बाई तर मन तपासत होती:
कुणी जबरदस्ती केली का, नवरा काय म्हणतो.
नवरा म्हणाला होता, विड्या कोण वळणार.
तिला मी ते सांगितलं नाही.
शेवटी मोठे डॉक्टर कागद मिटून म्हणाले, सगळं चांगलं आहे.
सगळं?
मी दोनदा विचारलं.
आयुष्यात पहिल्यांदा माझी छाट निघाली नव्हती.

परत आले तर गल्लीनं माझी काचेची बरणी केली.
कळशी उचलू नको, जिना चढू नको.
येल्लव्वा कानात म्हणाली, डाव्या कुशीवर झोपू नकोस,
तिथं आता पोकळ आहे, आतलं सगळं घसरेल.
दोन महिने मी उजव्या कुशीवर झोपले.
हसू नका. तुम्हीही झोपला असता.

चालायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं.
धावणं झालं ते चुकून.
पाचव्या महिन्यात, कारखान्याचं दार लागायची वेळ,
अशोक चौकातून टोपलं सावरत निघाले
ती दारात पोचल्यावर कळलं, आपण पळत आलो.
हात डावीकडे गेला.
काही घसरलं नव्हतं.
काळीज मात्र धाडधाड, कानापर्यंत,
आणि मला ते आवडलं,
चोरून खाल्लेल्या चिंचेसारखं.

आता वर्षातून एकदा रक्त, लघवी, बीपी.
भाकरीबरोबर शेंगाचटणी चिमूटभर, मीठ जपून.
गुडघा कुरकुरला तरी दुखण्याची गोळी नाही,
नुसता शेक.
आणि पाणी, तहानेच्या आधी.
उरलेली थोडी मोठी होते, डॉक्टर म्हणाले,
गेलेलीचंही काम अंगावर घेते.
मी मान हलवली.
नायना गेले तेव्हा मी सातवीत होते,
मागे चार भावंडं.
मला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

श्रीहरी मोपेडवर आणून सोडतो,
मास्क लावून बाकावर बसतो,
फेरीगणिक एक चिंचोका खिशातून मुठीत.
त्याच्या पोटात आता तीन, दोन झोपलेल्या.
माझ्यात एक.
घामाघूम मी समोर येऊन थांबते.
सहा, अक्का.
पाच रे. चौथी अर्धी चालले होते, ती छाट.
असू दे, तो म्हणतो, मी काही मोडत नाही.

मग बाटलीतलं पाणी, आधी तो, मग मी, न मोजता.
थोड्या वेळानं तो उठतो,
बाभळीच्या आडोशाला जातो.
मी तोंड फिरवते तलावाकडे.
कान फिरवत नाही.